बोट आणि रेस्क्यू गाडी मिळाली खरी, पण चालवणार कोण आणि सांभाळणार कोण?

पेठेतला_कार्यकर्ता

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वैतागू नका. आमचं कोल्हापुरातल्या पेठेतलं तरुण मंडळ, गणपती शिवजयंती सगळं असतंच, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात पोरांनी सुतारवाड्यापासून आंबेवाडी-चिखलीपर्यंत बरंच काम केलं, तेही उसन्या बोटीवर आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. ते लक्षात ठेवून एका उद्योजकानं यंदा आम्हाला फोर बाय फोर पिकअप दिलीय. जुनी आहे पण इंजिन चांगलंय, पुढं विंच (अडकलेलं ओढून काढायचा दोराचा ड्रम), मागं जनरेटर आणि वर उचलायचा लाईटचा खांब. सोबत ट्रेलर, त्यावर हवेची रबरी बोट आणि टू स्ट्रोक इंजिन. पूजा झाली, नारळ फुटला, पेपरात फोटो आला. इथपर्यंत जगात भारी.

आता खरी गोष्ट. चालवायला एकाला वीस पोरं तयार, पुसायला कोण नाही. किल्ली अध्यक्षांच्या घरी असते, त्यांच्या पुतण्यानं परवा गाडी जोतिबाला नेली आणि आणून तशीच लावली, हेडलाईट चालू. सकाळी बॅटरी खलास. बोट तर आल्यापासून पाण्यात गेलेलीच नाही, ताडपत्रीखाली आहे. वर काही जण म्हणायलेत लाईटचा खांब गणपतीच्या मिरवणुकीत वापरूया, नाहीतरी पडूनच असतोय.

विचारायचं असं की ऑपरेटर म्हणून कुणाला घ्यायचं, शिकवायचं काय आणि कुठल्या क्रमानं? गाडी वर्षातले दहा महिने उभीच राहणार, मग जुलैत चालू होईलच याची खात्री कशी ठेवायची? लायसन-इन्शुरन्सचं काय, ट्रेलरला वेगळं लागतं का? सगळे स्वयंसेवक आहोत, पगारी ड्रायव्हर परवडत नाही. एका गावात दान मिळालेली ॲम्ब्युलन्स टायर बसून झुडपात गेलेली मी बघितलीय, तसं आमचं व्हायला नको.

रंकाळा_चौपाटी

पहिलं काम, किल्ली अध्यक्षांच्या घरातनं बाहेर काढा. दुसरं काम, पुतण्याला फुटबॉल टीमचा मॅनेजर करा, तिकडं रमेल. बाकीचं जाणकार सांगतील.

माजी_एमटी_हवालदार

फौजेतली सगळी नोकरी एमटीत, म्हणजे गाड्यांच्या विभागात गेली, आता गडहिंग्लजला असतो. तुमची अडचण नवीन नाही. ज्या गाडीला एक मालक नाही तिचं असंच होतं.

फौजेत नुसतं लायसन आहे म्हणून गाडी हातात देत नाहीत. गाडीचा प्रकार बदलला की परत शिकायचं, परत टेस्ट द्यायची. तुम्ही पण तेच करा. चार पाच जण निवडा, जास्त नको, आणि प्रत्येकाच्या नावापुढं लिहा की हा काय काय करू शकतो: नुसती गाडी, गाडी आणि ट्रेलर, विंच, जनरेटर आणि खांब, बोट. एकाला सगळं यायची गरज नाही. पण जे नावापुढं लिहिलेलं नाही त्याला हात लावायचा नाही, मग तो कुणाचा पुतण्या असो.

निवडताना कोण जोरात चालवतो ते बघू नका. गाडी परत आणल्यावर कोण धुतो ते बघा. दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कोण असतो ते बघा, अर्धी पोरं पुण्याला नोकरीला आणि उरलेली एमआयडीसीत नाईट शिफ्टला असली तर यादीचा उपयोग काय. आणि तिसरं कुणी बोलत नाही ते, ज्याचं स्वतःचं घर पुराच्या पट्ट्यात आहे त्याला पहिल्या फळीत ठेवू नका. पाणी चढायला लागलं की तो आधी आपली आई आणि म्हस हलवणार, आणि हलवलीच पाहिजे.

आता रोजचं. आमच्याकडं तीन परेड असायच्या. निघायच्या आधी फर्स्ट परेड: ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीचे टर्मिनल, टायर, सगळे लाईट, आणि गाडीखाली वाकून बघायचं काही गळतंय का. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड: चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघायचा, एकच चाक जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय, शिवाय नट, ट्रेलर जोडायची हिच, बोटीचे पट्टे. परत आलं की लास्ट परेड: धुणं, डिझेल फुल करणं आणि काय बिघडलं ते लिहिणं. सगळे लास्ट परेड बुडवतात कारण तेव्हा माणूस दमलेला असतो, भूक लागलेली असते. पण पुढच्या वेळची गाडी तिथंच तयार होते. टाकी अर्धी ठेवली की वरच्या मोकळ्या जागेत बाष्प धरतं आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं, पावसाळ्यात तर हमखास.

एक जाड वही गाडीतच ठेवा, आम्ही तिला कार डायरी म्हणायचो. कोण घेऊन गेला, कुठं, निघताना किलोमीटर किती, आल्यावर किती, काय बिघडलं, सही. सही नाही तर किल्ली नाही. पंधरा दिवसात अर्धी भांडणं मिटतील.

ट्रेलर रिव्हर्स घेणं हे वेगळं शास्त्र आहे. तपोवन मैदानावर रविवारी सकाळी विटा मांडा आणि तासभर नुसतं रिव्हर्स घ्यायला लावा. स्टिअरिंगला हात खालच्या बाजूला धरायचा, ट्रेलरची शेपूट जिकडं न्यायची तिकडं हात सरकवायचा, डोक्यातला गोंधळ निम्मा होतो. नदीच्या उतारावर, अंधारात, पावसात, बाजूला दोनशे माणसं ओरडताना हे शिकता येत नाही.

विंचचं तर आधी धाक घालून शिकवा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोण उभा राहणार नाही, दोरावर जुनं पोतं किंवा जाड घोंगडं टाकायचं म्हणजे तुटला तरी सपकन अंगावर येत नाही, तार हातात धरायची तर चामड्याचे ग्लोव्ह. ड्रमवर किमान पाच वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर लोड दोराच्या टोकावरच्या स्क्रूवर जातो. आणि इंजिन चालू ठेवून ओढा, विंच बॅटरी बघता बघता खाते.

वाडीचा_नावाडी

हवालदार साहेबांनी गाडीचं सांगितलं, मी बोटीचं सांगतो. आमचं घर नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पूर म्हणजे आम्हाला वर्षाचा पाहुणा.

आधी इंजिन. टू स्ट्रोक आहे म्हणताय म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, बहुतेक इंजिनला पन्नासाला एक, म्हणजे दहा लिटरला दोनशे मिली. तरी तुमच्या इंजिनचं पुस्तक बघाच. स्कूटरचं ऑइल घालू नका, बोटीच्या इंजिनचं वेगळं मिळतं, त्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं असतं. एकजणच मिसळणार असं ठरवा आणि कॅनवर तारीख टाका, नाहीतर एक जण ऑइल घालून गेला का नाही हे दुसऱ्याला कळत नाही, इंजिन जाम होतंय. आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल, ते हवेतलं पाणी ओढतं, चार सहा महिने कॅनमध्ये राहिलं तर खाली पाणी बसतं. पावसाळा संपला की उरलेलं पेट्रोल बोटीच्या टाकीत ठेवायचंच नाही. पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, वर कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं पण काढायचं.

आणि हे चालवणं कोरड्यात नाही हां! गल्लीत ट्रेलरवर इंजिन चालू करून आवाज ऐकवायची हौस लई जणांना असते. आत पाणी ओढणारा रबरी पंखा असतोय, इम्पेलर, पाण्याशिवाय चालवला की बघता बघता जळतो. पिंपात इंजिनचा खालचा पाय बुडवा किंवा पाणी ओढायच्या जाळीवर नळीचा कप लावा, मगच चालू करा. मागनं पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार बंद झाली की इंजिन बंद, वाद नाही. पुराच्या पाण्यात ही धार कायम बंद पडते कारण पाणी शिरायच्या जाळीत केंदाळ, उसाचा पाला, प्लास्टिक अडकतंय. काम झालं की गोड्या स्वच्छ पाण्यानं दहा मिनिटं धुवायचं, गाळ आत वाळला की सिमेंटसारखा बसतो. इम्पेलर वर्षाला काढून बघायचा, पाती वाकडी झाली असली की नवीन. खालच्या गिअरचं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलंय, पाणी शिरायलंय.

रबरी बोट उन्हात फुल हवा भरून ठेवली तर हवा फुगून जोड सुटतात, आणि तीच बोट थंड पाण्यात टाकली की हवा कमी लागते. म्हणून उभी करताना थोडी सैल ठेवा आणि पाण्यात सोडल्यावर परत तपासा. उंदरापासनं सांभाळा. ट्रेलर लांबनं ओढून आणला की हब गरम असतात, तसेच पाण्यात घातले की आत पाणी ओढून घेतात आणि बेअरिंग जातंय. जरा गार होऊ द्या, ट्रेलरच्या लाईटची पिन काढा, मग घाला.

आता चालवणं. कळंब्याला किंवा रंकाळ्याला परवानगी काढून शिकवा, पण तिथं शिकला म्हणजे पुरात चालवता येते असं नाही. तिथं पाणी उभं, इथं वाहतं. वाहत्या पाण्यात माणसाजवळ जाताना खालच्या बाजूनं, प्रवाहाला तोंड देत जायचं, वरनं गेला तर बोट त्याच्या अंगावर जाणार. पाण्याखाली काय आहे दिसत नाही, द्राक्षाच्या बागेच्या तारा, कंपाउंड, विजेचा खांब वाकलेला. महावितरणनं लाईन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तीत शिरायचं नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला बंद करायची दोरी बांधलेली पाहिजे म्हणजे तो पडला तर इंजिन बंद पडतं, नाहीतर मोकळी बोट गोल फिरून त्यालाच मारते. जॅकेट सगळ्यांना, पोहता येतं म्हणणाऱ्यांना आधी.

आणि सगळ्यात अवघड ते "नाही" म्हणायचं. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून लोक बुडाले, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बोटीवर लिहिलेलं असतंय किती माणसं, तेवढीच. बाया रडायला लागतात, म्हातारा हात सोडत नाही, कुणीतरी शेळी आत टाकतोय, आणि वीस वर्षाचं पोरगं मागं इंजिनवर बसलेलं असतंय. त्याला ओरडून चार माणसं खाली उतरवायला आली पाहिजेत. म्हणून बोटीवर ज्याला घ्याल तो जरा वजनदार पाहिजे, शब्दानं हो, पोटानं नव्हं. सरावाला पण हेच करा, मंडळाची पंधरा पोरं काठावर उभी करा, सगळी एकदम चढायला लागू देत, आणि बघा चालवणारा थांबवतोय का.

शाहूपुरीकर७

लई घोळ घालायलात राव. आमच्याकडं सोसायटीचा जनरेटर आहे, वॉचमन दर रविवारी दोन मिनिटं चालू करून बंद करतो, कधी अडचण नाही. गाडीला पण तेच करा.

उद्यमनगर_फिटर

शाहूपुरीकर भाऊ, त्या जनरेटरला बहुतेक चार्जर लावलेला असणार म्हणून चालतंय. गाडीला दोन मिनिटं चालू करून बंद करणं म्हणजे न करण्यापेक्षा वाईट. सेल्फ मारताना जेवढा करंट गेला तेवढा दोन मिनिटांत परत भरत नाही, आणि इंजिन गरम न झाल्यामुळं आत धरलेलं पाणी उडत नाही, ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसतं. चालवायची तर पंधरा दिवसांतनं एकदा रस्त्यावर काढून अर्धा तास, शिरोलीपर्यंत जाऊन या, फोर बाय फोर टाकून थोडं मातीतनं चालवा, ब्रेक मारा. मध्ये बॅटरीची मायनस केबल काढून ठेवा किंवा छोटा ऑटोमॅटिक चार्जर लावा. मीटरनं बघायची सवय लावा, उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या वर पाहिजे, १२.४ च्या खाली दिसलं की चार्ज.

टायरचं एक. जुन्या गाडीत टायरची नक्षी नवीकोरी दिसते कारण गाडी फिरलेलीच नसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१६ असेल तर २०१६ चा बत्तिसावा आठवडा, असला टायर बदलाच. ट्रेलरचे पण बघा, ते कोण बघत नाही.

पाण्यातनं गाडी न्यायचा मोह होणार, चार चाकी ओढ आहे म्हणून. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतंय, इंजिन कितीही मोठं असू दे. आणि पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, हवेच्या रस्त्यानं पाणी आत गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन गेलं. ओढून बाहेर काढा आणि आमच्याकडं आणा. पाण्यातनं जाऊन आली की डिफरन्शियलचं ऑइल बघायचं, पांढरट असेल तर बदल. हे ऑइल बदलणं, ग्रीस मारणं, फिल्टर, एवढं पोरांना मी शिकवतो, एक दिवस सगळ्यांनी गॅरेजला यायचं. इंजेक्टर आणि गिअरबॉक्स खोलायचं धाडस मात्र करू नका.

मिरवणुकीचं म्हणाल तर खांब वर करून गाडी हलवायची नाही, हा नियम कुठल्याही गाडीला. वर वायरींचं जाळं, गर्दी, आणि कुणीतरी खांबाला झेंडा बांधणार. शिवाय पूर कधी गणपतीच्या तोंडावर पण येतो, त्या दिवशी गाडी मिरवणुकीत मधे अडकली असली तर काय?

पॉलिसीवाला_लक्ष्मीपुरी

कागदाचं थोडक्यात. गाडी आधी मंडळाच्या, म्हणजे नोंदणीकृत संस्थेच्या नावावर करून घ्या. दात्याच्या नावावर ठेवून चालवू नका, अपघात झाला तर त्यानं भलं केलं आणि कोर्टात तोच उभा. ट्रेलरला पण वेगळी नोंदणी लागते आणि पॉलिसीत तो दाखवलेला पाहिजे. थर्ड पार्टी तर कायद्यानं सक्तीच, पण आत बसणाऱ्या स्वयंसेवकांचा अपघात विमा वेगळा काढा, त्यात बोटीवरचं काम धरलंय का ते लेखी घ्या. पिकअप माल वाहतुकीच्या वर्गात असेल तर फिटनेसची तारीख डोळ्यासमोर चिकटवून ठेवा. लायसनचं सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय, साडेसात टनाच्या आतली गाडी असेल तर एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. वरचा लाल-निळा दिवा मात्र मनानं लावू नका, आरटीओला आणि जिल्हा आपत्ती विभागाला विचारूनच.

बावड्याची_ताई

एवढे सगळे बोलले पण सगळ्यांच्या तोंडी पोरं पोरं. मुलींना का नाही? आमच्या गटात ट्रेलर रिव्हर्स सगळ्यात सरळ एक मुलगीच घेते, कारण ती पहिल्यापासून शिकली, गल्लीत बुलेट चालवून आलेला अहंकार नव्हता.

दोन गोष्टी सांगते. एक, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडं तुमची गाडी, बोट आणि ऑपरेटरांची नावं पावसाळ्याआधी द्या, त्यांची रंगीत तालीम असते तिला जा. पुरात १०७७ या त्यांच्या मदत क्रमांकावर फोन आला की त्यांच्याकडं यादी असते, तुम्ही यादीत नसलात तर तुम्ही फक्त गर्दी. आपदा मित्र या स्वयंसेवकांच्या सरकारी योजनेचं बारा दिवसाचं प्रशिक्षण असतं, परत बॅच निघाली तर तुमचे चौघं घाला. दोन, वेळेचं. पंचगंगेचं पाणी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे सगळ्यांना पाठ आहे, पण इशाऱ्याची वाट बघून बॅटरी तपासायची नसते. आम्ही नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की फर्स्ट परेडसारखंच सगळं करतो, कॅन भरतो, ट्रेलर जोडतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पहिल्या फळीनं फोन चालू ठेवायचा.

पैशाचं पण बोला. वर्गणीतनं गणपतीला जेवढं डेकोरेशन, त्यातला ठरलेला वाटा गाडीच्या वेगळ्या खात्यात, आणि त्याला दोघांची सही. डिझेलला दाते मिळतात, इम्पेलरला मिळत नाहीत.

पेठेतला_कार्यकर्ता

सगळ्यांना दंडवत. काल बैठक झाली, वाद पण झाला. वही आणली, सहा नावं काढली, त्यात सुतारवाड्यातली दोघं दुसऱ्या फळीत टाकली, त्यांना आधी राग आला मग कारण कळलं. ताई, दोन मुली आहेत यादीत, बरोबर बोललात. मिरवणुकीचं रद्द केलं, त्यावर एकजण उठून गेला.

एक अडकलंय. किल्ली एकाकडं ठेवली तर रात्री दोनला तो गावाला गेलेला असणार, सगळ्यांकडं ठेवली तर परत जोतिबा. काय करायचं?

माजी_एमटी_हवालदार

किल्ल्या दोन. एक त्या महिन्याच्या इन्चार्जकडं, त्याचं नाव आणि नंबर गाडीच्या काचेवर आतनं चिकटवा. दुसरी जिथं चोवीस तास माणूस असतो अशा ठिकाणी, जवळचं हॉस्पिटल, पेट्रोल पंप, सीलबंद पाकिटात. पाकीट फोडलं की फोडणाऱ्यानं तिथल्या तिथं वहीत लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी इन्चार्जनं गाडी बघून नवीन सील लावायचं. गावाला जायचं असेल तर इन्चार्जनं किल्ली दुसऱ्याच्या हातात देऊन, सही घेऊनच निघायचं. अध्यक्षांना वाईट वाटत असेल तर पाकिटावर त्यांची सही घ्या.

उद्यमनगर_फिटर

पुढच्या रविवारी गॅरेज सकाळी मोकळं आहे, गाडी आणि ट्रेलर दोन्ही आणा. येताना ट्रेलरच्या टायरवरचे चार आकडे लिहून पाठवा म्हणजे लागले तर आधी सांगून ठेवतो. आणि जुने कपडे घालून या, ग्रीस निघत नाही.